सासरा खोलीत असताना

चौदा महिने अनारबुबू खोटे रुग्ण तयार करत होती आणि आता तिला त्यांचा अक्षरशः वीट आला होता. ओश शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ती शिकवायची. परदेशातून निधी आला, मुलांना संगणकावर केसेस सोडवायला शिकवा असा हुकूम आला, आणि जी बाई कधी नाही म्हणत नाही तिच्याच गळ्यात तो पडला. दुसऱ्या कोणाच्या पडणार? सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, आणि चार वाजले की तळघरातल्या खोलीत नूरझानच्या शेजारी बसायचं. नूरझान पूर्वी शाळेत गणित शिकवायची, आता कॉलेजचे संगणक सांभाळायची. अनारबुबूने सांगायचं, तिने पडद्यावर बसवायचं. रुग्ण येतो, विद्यार्थी यादीतून प्रश्न निवडतो, रुग्ण उत्तर देतो. चुकलं की रुग्ण बिघडतो, फार चुकलं की मरतो.

नऊ केसेस पार पडल्या. दहावीपाशी घोडं अडलं.

"ही कसली रुग्ण हो, एजे?" नूरझान म्हणाली. ती अनारबुबूला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. "पोरीला काहीही विचारा, उत्तर सासराच देतोय."

"तशीच आहे ती."

"सिस्टीमला नाही चालत. प्रश्नापुढे रुग्णाचं उत्तर हवं. जागा मोकळी सोडली की सगळं लाल होतं."

"मग सासऱ्याचं उत्तर रुग्णाच्या जागी टाक. दवाखान्यात तेच होतं."

नूरझान खो खो हसली. "खरंय बाई. माझ्या सासऱ्यांना विचारलं असतं ना, तर बाळंतकळासुद्धा त्यांनीच सांगितल्या असत्या."

अनारबुबू हसली नाही. ती केस तिने पुस्तकातून घेतली नव्हती. बावीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या तालुक्याच्या दवाखान्यात ती नवी नवी डॉक्टर होती, तेव्हा तेवीस वर्षांची बेर्मेत पोट धरून आली होती. बरोबर सासरा, उंच पांढरी टोपी घातलेला, गावात ज्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही असा. सुनेने डोळे वर केले नाहीत. काय होतंय, कधीपासून, काय खाल्लं, सगळं सासऱ्याने सांगितलं. मोसमातला पहिला कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायली, बाधला असेल म्हणाला. दिवस गेलेत का, असं अनारबुबूने कसंबसं, जमिनीकडे बघत विचारलं. "मुलगा माझा रशियात," म्हातारा म्हणाला, "भलतंच काय विचारता?" मुलगा वसंतातल्या नूरुझच्या सणाला आठ दिवस घरी येऊन गेला होता, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. बेर्मेतला आठवत होतं, पण सासऱ्यासमोर ती असलं काय बोलणार? अनारबुबूने पोटाचं औषध दिलं. गर्भ नळीत होता. नळी फुटली आणि संध्याकाळपर्यंत पोरगी गेली.

त्यावर अनारबुबू बावीस वर्षं एकाच वाक्यावर जगली होती: त्या माणसाला बाहेर काढणं कोणालाच शक्य नव्हतं. हे वाक्य तिने स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याची तिला सवय झाली होती.

तरीही केसमध्ये तिने वाट ठेवली. प्रश्नांच्या यादीखाली एक रिकामी चौकट: आणखी काही करायचं असेल तर इथे लिहा. त्यात "सासऱ्यांना बाहेर बसवा" अशा अर्थाचं काहीही लिहिलं, की म्हातारा उठतो आणि बेर्मेत बोलू लागते. सोनोग्राफीचं यंत्र तिथे नाही, दिवस गेल्याची चाचणी नाही. वाट एवढी एकच.

चौथ्या वर्षाच्या त्रेचाळीस मुलांनी केस सोडवून बघितली. चौकटीत त्यांनी काय काय लिहिलं! सर्जनला बोलवा. रक्त तपासा. हेलिकॉप्टर मागवा. एकाने तर, देवाचं नाव घ्या, असं लिहिलं. म्हाताऱ्याला बाहेर बसवा असं एकानेही लिहिलं नाही. बेर्मेत त्रेचाळीस वेळा मेली.

निकाल बघून अनारबुबूच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याची तिला लगेच लाज वाटली. म्हणजे कोणालाच जमलं नसतं. बघा, कोणालाच नाही!

डीन तुर्दाकून अगायना, म्हणजे सरांना, मात्र घाम फुटला. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, मनाने वाईट नाहीत, पण शुक्रवारी दहाही केसेस निधी देणाऱ्यांना पाठवायच्या होत्या आणि निम्मी मुलं तरी पास हवी होती.

"सगळेच नापास म्हणजे केस नापास, अनारबुबू," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला काढून टाक. पोरीला बोलू दे. दोन बटणं दाबली की निदान झालं, आपण मोकळे."

"मग ती केस उरतच नाही, अगाय."

"अगं, कोणता विद्यार्थी अक्साकालला, पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला, ऊठ म्हणेल? आपल्यात असं कोणी करतं का? अशक्य गोष्ट शिकवायला निघालीस तू."

हेच तर ती बावीस वर्षं म्हणत आली होती. तिला भांडायचा कंटाळा आला होता. पाय सुजले होते, घरी जाऊन नवऱ्याच्या हातचा कडक झालेला भात खायचा होता. हो म्हणून टाकावं, सही करावी, संपवावं. आणि ते म्हणता म्हणता तिच्या तोंडून निघालं, "उद्या वर्गात चर्चा आहे. तुम्ही या. मुलांना प्रत्यक्ष करू दे. नाहीच जमलं, तर म्हाताऱ्याला मी स्वतःच्या हाताने काढते."

डीन आले, आणि खुशीत आले. सासऱ्याची भूमिका तुम्हीच करा, असं अनारबुबू म्हणाली तेव्हा ते आणखी खुलले. खुर्ची ओढून ऐसपैस बसले. शेजारी एका मुलीला बेर्मेत म्हणून बसवलं. तिच्या हातात खऱ्या उत्तरांचा कागद होता, पण सासरा खोलीत असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी तिला ताकीद होती.

पहिला उठला तो वर्गातला सगळ्यात हुशार, उंच, मोठ्या आवाजाचा मुलगा. "काय होतंय ताई?" त्याने विचारलं.

"तिला काय विचारतोस, मला विचार," डीन गरजले. "कुमिस बाधलाय!"

वर्ग हसून लोटपोट. मुलाने आणखी सहा प्रश्न विचारले. सहाही उत्तरं डीननी दिली, एक तर प्रश्न पुरा व्हायच्या आत. शेवटी मुलगा म्हणाला, "अगाय, जर तुम्ही... म्हणजे तुमची हरकत नसेल तर..." डीननी नुसती भुवई उचलली. मुलगा लाल झाला आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतर दोघं उठली, त्यांचंही तेच झालं.

डीननी अनारबुबूकडे बघून हात पसरले. झालं समाधान? तिने मान डोलावली. खरं तर तिला बरंच वाटत होतं. संपलं एकदाचं.

"मी करू, एजेके?"

मागच्या बाकावरची सायरागुल उभी होती. डोक्याला रुमाल बांधणारी, गेल्या वर्षीच लग्न झालेली. ही वर्गात बोलते हेच मुळी अनारबुबूला ठाऊक नव्हतं.

सायरागुल पुढे आली. मुलीला तिने काहीच विचारलं नाही. सरळ डीनपुढे गेली, छातीवर हात ठेवला आणि किंचित वाकली.

"अताके, लांबून आलात, दमला असाल. बाहेर बाकावर बसा, चहा पाठवते. मला हिला तपासायचंय."

"तपास की. मी इथेच बसतो."

"नाही अताके. बायकांची तपासणी आहे. तुम्ही थांबलात तर तुम्हालाच अवघड होईल."

आवाज मऊ होता, पण ती बधली नाही. दाराशी जाऊन ते उघडून धरून ढिम्म उभी राहिली. डीननी एकदा मुलांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग काय झालं कोणास ठाऊक, गुडघ्यावर हात टेकून ते उठले, कुरकुरत बाहेर गेले, आणि सायरागुलने दार लावून घेतलं.

"हं, आता बोल," ती मुलीला म्हणाली. "पाळी कधी आली होती?"

"नूरुझच्या आधी," मुलीने कागदावरचं वाचलं. "नूरुझला नवरा आठ दिवस घरी होता."

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. बाहेरून डीनचा आवाज आला, "अरे, चहा कुठाय माझा?" आणि पुन्हा हशा पिकला. दार किलकिलं करून त्यांनी डोकं आत घातलं. चेहरा ओशाळा होता, पण हसत होते. "राहू दे तुझा म्हातारा," ते अनारबुबूला म्हणाले. "शुक्रवारी आहे तशीच पाठव. या पोरीने केलं ते सगळ्यांना दाखव, बाकीचीही शिकतील."

ती जिंकली होती. मुलं तिच्याभोवती गोळा झाली, नूरझानला आधी कळवायला हवं असं कोणीतरी म्हणालं, आणि अनारबुबू खुर्चीचा हात धरून हळूच खाली बसली. सायरागुलने विचारलं, "एजेके, काही चुकलं का माझं?"

"नाही गं," ती म्हणाली. "कुठे शिकलीस हे?"

"शिकायचं काय त्यात? माझे सासरेही असेच आहेत. चहाचं नाव काढलं की उठतात."

अनारबुबूने तिच्या हातावर थोपटलं. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नव्हतं. त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात बाहेर बाकही होता, आणि चुलीवर चहाही उकळत होता. बेर्मेतला वाचवता आलं असतं. अनारबुबूने म्हाताऱ्याला बाहेर बसा म्हटलंच नव्हतं, एवढीच गोष्ट होती.