मागची सीट

मी दोन सीटांची सायकल बोलतेय. हसू नका. मी गमतीदार दिसते हे मला ठाऊक आहे. माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्यांनीच मला ते शिकवलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यातला नाही. नदीकाठच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मिस्त्रीनं दोन मोडक्या सायकली कापून, जोडून मला उभं केलं. बायकोला मागे बसवून शहरभर हिंडायचं, ही त्याची हौस. बायको एकदाच बसली. उतरल्यावर म्हणाली, "शहर कसलं? मला तर तुमच्या पाठीवरचा घाम तेवढा दिसला." पुन्हा तिनं माझं नाव काढलं नाही, आणि मिस्त्रीनं मला भाड्यानं द्यायला बाहेर काढलं.

माझ्या घडणीतच एक अन्याय आहे. हँडलं मला दोन, पण वळतं फक्त पुढचं. मागचं नुसतं धरायला. ब्रेकही पुढेच. पेडल मात्र साखळीनं एकमेकांना बांधलेले, त्यामुळे पुढच्यानं पाय मारले की मागचे आपोआप फिरतात, त्यांवर कुणाचा पाय असो वा नसो. पुढे बसणारा प्रत्येक जण ‘मीच एकटा ओढतोय’ म्हणून कुरकुरतो. नवरे, बाप, थोरले भाऊ, सगळे एका माळेचे मणी.

एका सकाळी मात्र दोन बायका आल्या. कॉलेजात असताना वसतिगृहात एकत्र राहिलेल्या चार मैत्रिणी सुट्टीला या शहरात आल्या होत्या, त्यांतल्या या दोघी. कुठं धावायचं नाही, कुठं पोचायचं नाही, नुसतं खायचं, हिंडायचं आणि लोळायचं, असं चौघींचं ठरलेलं. उरलेल्या दोघी समोरच्या हॉटेलात तेच इमानेइतबारे करत बसल्या होत्या.

पुढे बसली ती दातांची डॉक्टर. मैत्रिणी तिला डॉक म्हणत. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात करायच्या कुठल्याशा शर्यतीची तिची तयारी चालली होती. अंगाला चिकटलेले कपडे, मनगटावर टुकटुक वाजणारं घड्याळ, एका कानात प्रशिक्षकाच्या सूचना. मागे बसली ती शाळेत शिकवणारी छोटी. साधी सलवार, खांद्याला पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास.

छोटीचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. तेव्हा डॉक आली नव्हती. त्याच आठवड्यात तिची शर्यत होती. तेव्हापासून दोघींचं धड बोलणं झालेलं नव्हतं, आणि डॉकनंच शब्द दिला होता, की या सुट्टीत एक दिवस तुझा आणि माझा. तो हा दिवस.

"माझा सायकलीचा सरावही होईल आणि आपल्या गप्पाही होतील. एका दगडात दोन पक्षी!" डॉक म्हणाली.

"चालेल," छोटी म्हणाली. "मला तुला खूप सांगायचंय."

नदीकाठचा रस्ता सपाट आणि सावलीचा. हळूहळू जावं, मध्येच एखाद्या बाकावर टेकावं, असा. डॉकनं पहिल्या वळणापासूनच जोर लावला.

छोटी तिच्या पाठीशी बोलू लागली. शेवटच्या दिवसांत त्याला पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागायचं, असं म्हणाली.

"बोल, बोल, मी ऐकतेय. पाय थांबवू नकोस फक्त."

"डॉक, त्यानं तुझी आठवण काढली होती गं. दोनदा विचारलं, डॉक आली का? मी म्हटलं, निघालीय. खोटंच सांगितलं. त्यानंतर बोललाच नाही."

डॉकच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. तिनं त्याकडे बघितलं आणि ओरडली, "मस्त! अस्साच दम ठेव!"

मागच्या पेडलांवरचे पाय त्या क्षणी ढिले पडले. नंतर ते नुसते माझ्या पेडलांबरोबर फिरत राहिले. मला डॉकचा राग आला. अजून येतो. ती दुष्ट नव्हती. थांबलं की रडू फुटेल, अशी भीती तिला असेलही. पण ती भीती मागच्या बाईनं का वाहायची?

पुलाच्या अलीकडे सिग्नल लागला. छोटीनं पाय खाली टेकवला. "डॉक, मी उतरते."

"हं," डॉक म्हणाली. तिचा कान प्रशिक्षकाकडे होता. छोटी उतरली, फुटपाथवर जाऊन उभी राहिली. दिवा हिरवा झाला आणि डॉकनं मला दामटलं.

पुलाचा चढ भलताच सोपा गेला. मागचे पेडल इमानदारीत फिरत होते. "शाब्बास, छोटे!" डॉक पुढे बघतच ओरडली. "आता कशी लागलीस जोर लावायला!" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पुलाच्या टोकाशी उभ्या असलेल्या पोलिसानं हात केला. "मॅडम, मागची सवारी कुठं सांडलीत?"

आम्ही परतलो तेव्हा छोटी दुकानातल्या बाकावर बसून मिस्त्रीच्या बायकोला थर्मासमधला चहा देत होती. डॉकनं घडलेला प्रकार रंगवून सांगितला. मिस्त्री हसला, हॉटेलातून आलेल्या दोघी हसून लोटपोट झाल्या. छोटीही हसली.

"अगं, पण उतरताना सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं गं."

"बरं, जाऊ दे. संध्याकाळी निवांत बसू. उद्या पहाटे मला पोहायचंय, म्हणून जरा लवकरच. तेव्हा सगळं सांग."

"नको," छोटी शांतपणे म्हणाली. "माझं सांगून झालं."

डॉकला हायसं वाटलं. तिनं छोटीला मिठी मारली आणि माझ्याच सीटला धरून पोटऱ्या ताणायला लागली.

हल्ली मला कुणी भाड्यानं नेत नाही. मिस्त्रीनं मागची सीट काढून तिथं लोखंडी चौकट बसवली आहे. त्यात पाण्याचे जार ठेवून तो ते दुकानोदुकानी पोचवतो. जार बोलत नाहीत, त्यामुळे पुढच्याचं काही बिघडत नाही. माझे सांधे गंजलेत. आता फार दिवस निघणार नाहीत.

छोटे, जाण्याआधी तुला एवढंच सांगते. तू बोललेला शब्द न् शब्द मी ऐकला. पण तो ऐकायला हवा होता तिनं. मी ऐकून काय उपयोग?