अर्चाच्या धुराने सुरू होणारा पिकअप

माझ्या दारांचा रंग कोणे एके काळी हिरवा होता, हे आता कोणी सांगेल तेव्हाच कळते. मित्रांनो, मी दूरदेशीच्या बर्फाळ डोंगरांतील नारिन नदीच्या वरच्या खोऱ्यात आयुष्य झिजविलेला एक पिकअप ट्रक आहे. वार्धक्याची मला खंत नाही. परंतु मला एक व्याधी जडली होती, जी कधी असे आणि कधी नसे. अशा व्याधीचे भय नित्याच्या व्याधीहून अधिक असते, ते का, हे तुम्ही ऐकून ठेवावे असे मला वाटते.

माझा जन्म उत्तरेकडील मैदानातल्या एका कारखान्यात झाला. एसेनकुल नावाच्या मेंढपाळाने मला घरी आणले, तेव्हा रिवाजाप्रमाणे एक मेंढा कापला गेला आणि त्याच्या रक्ताचे बोट माझ्या दोन दिव्यांच्या मध्ये टेकविले गेले. एसेनकुलची पत्नी बुरुल्चा हिने अर्चा नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळल्या डहाळ्या पेटविल्या आणि तो सुगंधी धूर माझ्याभोवती फिरविला. दृष्ट लागू नये म्हणून ते लोक पाळण्याभोवती आणि आजारी कोकराभोवतीही हाच धूर फिरवितात. त्या दिवसापासून मी त्या कुटुंबाचा झालो.

पुढची कित्येक वर्षे वैभवाची होती. वसंत सरला की तंबूचे जाड लोकरी नमदे, लाकडी कमानी, कढया आणि मेंढ्यांसाठी खडेमिठाची पोती घेऊन मी उन्हाळी कुरणांवर चढत असे. शरदात तेच सारे घेऊन उतरत असे. एसेनकुलचा मुलगा उलान याची वधू ऐजार्किन हिला मीच तिच्या गावाहून आणले. घोडा एखाद्या वेळी धन्याला सोडील, एसेनकुलचा पिकअप सोडणार नाही, असे शेजारी म्हणत, आणि ते ऐकून माझे पत्रे फुलत.

मग एका उन्हाळ्यात ते प्रथम घडले. चढ चढून मी तापलो होतो. एसेनकुलने मला बंद केले, शेजाऱ्याकडे घोडीच्या आंबविलेल्या दुधाचा, म्हणजे कुमिसचा, वाडगा घेतला आणि परत येऊन किल्ली फिरविली. माझ्या पोटात एकदा ‘टक्’ झाले आणि पुढे काहीच नाही. समोरचा छोटा दिवा मंदावून विझला. एसेनकुलने पुन्हा किल्ली फिरविली, शिव्या दिल्या, शेवटी माझ्या चाकाला लाथ मारली. तेव्हा बुरुल्चा उतरली. तिने डोक्यावरच्या रुमालाच्या गाठीतून अर्चाची डहाळी काढली, पेटविली आणि मंत्रासारखे काही शब्द पुटपुटत माझ्याभोवती संथपणे फिरू लागली. फेऱ्या झाल्यावर तिने नवऱ्याला चहा दिला, रोटीचा तुकडा दिला. मग त्याने किल्ली फिरविली, आणि मी सुरू झालो.

त्या क्षणापासून निदान ठरून गेले. गाडीला दृष्ट लागते आणि धुराने ती उतरते. मी पुन्हा अडलो की पुन्हा धूर होई, आणि दर वेळी मी सुरू होई. प्रत्यय इतका अचूक येत असता शंका कोणी घ्यावी? मी मात्र आतून जाणत होतो की धूर, चहा आणि रोटी होईपर्यंत माझे अंग निवत असे, एवढेच त्यातले रहस्य होते.

एसेनकुलने इतर उपाय केले नाहीत असे नाही. बॅटरी नवी घातली. स्टार्टर बदलला. तालुक्याच्या बाजारातील कारागीर सागिनाली याच्याकडे मला दोनदा नेले. पण त्याची पाळी येईपर्यंत मी उभ्या उभ्या थंड होत असे आणि त्याच्यासमोर पहिल्याच किल्लीला गर्जत असे. सागिनाली हात पुसत म्हणाला, “काका, गाडीला काही झालेलं नाही. तुमचं तोंड बघून रुसते ती. घरी जाताना जरा हसत बसा.” बाजारात हशा पिकला. एसेनकुल पुन्हा तिकडे फिरकला नाही.

एक व्यक्ती मात्र माझे लक्षण न्याहाळीत होती. ऐजार्किनचे वडील त्यांच्या गावातील ट्रॅक्टर सांभाळीत, आणि तिचे बालपण त्यांच्या हाताशी अवजारे देण्यात गेले होते. किल्ली फिरली की दिवा विझतो, हे तिने पाहिले होते. एकदा अर्चा घरीच राहिली होती आणि तरी थोड्या वेळाने मी सुरू झालो, हेही तिने ध्यानात ठेवले होते. परंतु त्या लोकांत सून सासऱ्याचे नावदेखील उच्चारीत नाही, मग त्याच्या गाडीत दोष कोणता हे ती काय सांगणार? ती मागे बसे, आणि गप्प बसे.

त्या वर्षी श्रावणासारखे कोवळे ऊन नव्हते. सूर्य हिमनद्यांवर आग ओतीत होता. कुरणावर असताना बुरुल्चाच्या पोटात उजवीकडे कळ उठली. दोन रात्री तिने ती लपविली, तिसऱ्या सकाळी तिला उभे राहता येईना. उलान कळपापाशी थांबला. एसेनकुल आणि ऐजार्किन यांनी तिला माझ्या पुढच्या लांब आसनावर आडवे केले आणि सून तिचे डोके मांडीवर घेऊन बसली. खाली दवाखाना होता, आणि मध्ये नदी.

मित्रांनो, बर्फाच्या पाण्याची नदी सकाळी एक असते आणि दुपारी दुसरी. ऊन चढते तसे पाणी चढते. ओलांडण्याच्या जागी नदीचे दोन फाटे आहेत आणि दोहोंच्या मध्ये गोट्यांचे एक बेट. पहिला फाटा मी सहज ओलांडला. दुसऱ्यापूर्वी एसेनकुलने मला बेटावर उभे केले आणि बंद केले. त्यात त्याची चूक नव्हती. पाण्याखाली दगड गडगडू लागले की त्यात उतरायचे नाही, असा मेंढपाळांचा नियम आहे, आणि तो आवाज ऐकायचा तर इंजिन बंदच करावे लागते. तो काठाशी वाकून ऐकत राहिला. दगड स्तब्ध होते. तो समाधानाने परतला आणि किल्ली फिरविली.

टक्.

एसेनकुलचे तोंड उतरले. त्याने बुरुल्चाच्या रुमालाची गाठ सोडून अर्चा काढली, पेटविली, पण तिचे ते मंत्रासारखे शब्द त्याला येत नव्हते. धूर वाऱ्याने सपाट होऊन पाण्यावर निघून गेला. मागच्या फाट्यावर आम्ही ओलांडलेला उथळ पट्टा दिसेनासा झाला होता. माझ्या पुढच्या चाकापाशी गोटे ओले झाले. आणि मग नदीच्या तळातून, दूरवर कोणी जाते ओढावे तसा, पहिला दगड सरकल्याचा आवाज आला.

ऐजार्किन खाली उतरली. मान खालीच ठेवून ती म्हणाली, “मामंजी, दृष्ट नाही ही. बॅटरीची अर्थिंगची तार धरत नाही. गरम झाली की सुटते.”

“आता सून शिकवणार मला?” एसेनकुल म्हणाला. “इतकी वर्षं धुरानंच सुटलीय ती.”

आसनावरून क्षीण आवाज आला. “अहो, ऐका तिचं. धूर मी गाडीसाठी घालत नव्हते. तुमचं डोकं निवावं म्हणून घालत होते. चाकाला लाथा मारून एक दिवस पाय मोडून घेतला असता तुम्ही.”

एसेनकुलने माझ्या आसनामागून, दुसऱ्याची बॅटरी उसनी जोडण्यासाठी ठेवलेली जाड तार ओढून काढली आणि सुनेच्या हाती दिली. तिने तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला चिमटले. “आता फिरवा,” ती म्हणाली.

पाणी माझ्या चाकांच्या कड्यांना लागले होते. किल्ली फिरली, आणि मी गर्जलो.

दुसऱ्या फाट्यात दगड माझ्या पोटावर आदळत होते. एकदा तर माझे मागचे अंग प्रवाहाबरोबर सरकले आणि ऐजार्किनने सासूचे डोके छातीशी धरले. पण पैलतीराची चढण माझ्या चाकांना लागली. वर पोहोचून एसेनकुलने मागे पाहिले, तेव्हा बेट कोठे होते ते सांगता येत नव्हते. त्याने मला बंद केले नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत मी धडधडतच गेलो, आणि त्याच दुपारी बुरुल्चाच्या पोटातील पिकलेले आंत्रपुच्छ कापून काढले गेले. थोडा वेळ आणखी गेला असता तर ते फुटले असते, असे वैद्यांनी सांगितले.

नंतर ऐजार्किनने माझ्या हौद्याखाली शिरून, अर्थिंगची मूळ तार जेथे माझ्या सांगाड्याला जोडलेली होती तेथून ती सोडविली. वर्षानुवर्षे पोत्यांतून पाझरलेले मिठाचे पाणी नेमके तिच्या सांध्यावर ठिबकत होते, आणि तेथे लोखंडाच्या जागी हिरवा-तांबडा भुगा उरला होता. तिने तो घासला, नवी तार बसविली. त्यानंतर मी एकदाही अडलो नाही. सागिनालीने ही हकीकत ऐकली आणि बाजारात तो पहिल्यांदाच हसला नाही.

मित्रांनो, जे दुखणे आपोआप बरे होते, ते बरे झालेले नसते. ते केवळ वाट पाहत असते. म्हणून कोणी तुमच्या घरात, गोठ्यात वा अंगणात एकदाच कण्हले आणि गप्प झाले, तर त्या मौनावर विश्वास ठेवू नका. जवळ जा, वाका, विचारा. आणि जो विचारू पाहतो, त्याला बोलू द्या.

हे मी आजच का सांगतो आहे? कारण उतारावर माझ्या मागच्या उजव्या चाकातून अलीकडे एक बारीक किणकिण येते. कधी येते, कधी येत नाही. ऐजार्किनने ती ऐकली आहे आणि सासऱ्याला सांगितलीही आहे. काल वाट सपाट होती, म्हणून ती आली नाही. एसेनकुल समाधानाने म्हणाला, “बघ, गेली.”

उद्या कुरणावरून खाली उतरायचे आहे. सारे कुटुंब माझ्या हौद्यात असेल.