दाखवायची बंदूक

चादर बदलायला म्हणून बायकोने गादी उचलली आणि खाली हात घातला, तर बोटांना गार लोखंड लागले. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बंदुकीची नळी होती. ती तशीच हातात धरून ती बाहेरच्या खोलीत आली. कर्नल आरशासमोर दाढी करत होता.

"काल ही डाळीच्या डब्यामागे होती," ती म्हणाली. "आज माझ्या पाठीखाली. उद्या कुठे असणार, तेवढं आधीच सांगून ठेवा."

"हळू बोल," असे म्हणत कर्नल गालावरच्या साबणासकट खिडकी लावायला धावला.

आता हा कर्नल काही लष्करात वगैरे नव्हता. गल्लीने थोडे कौतुकाने आणि पुष्कळसे चेष्टेने ठेवलेले ते नाव होते. त्याचा सारा जन्म एका बँकेच्या दारात उभा राहण्यात गेला. गणवेश बँकेचा आणि बंदूक पहारेकऱ्याची स्वतःची, अशी त्या नोकरीची अट होती. वडिलांच्या मागे त्यांची दुनळी बंदूक रीतसर त्याच्या नावावर झाली होती आणि तिच्या जोरावरच त्याला नोकरीला चिकटवून घेतले होते. साऱ्या नोकरीत त्याच्या हातून ती एकदाही उडाली नाही, याचा त्याला फार अभिमान होता. पहिल्याच दिवशी मॅनेजरने त्याला बजावले होते की बंदूक दिसली पाहिजे, चोराला रस्त्यापलीकडूनच घाम फुटला पाहिजे. ते वाक्य त्याच्या हाडीमाशी खिळले होते.

म्हणून निवृत्त झाल्यावरही दर रविवारी सकाळी तो व्हरांड्यात खुर्ची टाकून बसे, वर्तमानपत्र पसरून बंदूक सुटी करी, तेलपाणी करी, नळीला डोळा लावून आभाळ बघे. येणारेजाणारे थांबत. ही बंदूक दिसते आहे तोवर आपल्या गल्लीत चोर पाऊल टाकणार नाही, असे त्याचे पक्के मत होते. बायको तिला सवत म्हणत असे. सवतीला तरी कधी आजारपण येते, हिला तेही नाही, असे ती शेजारणीला सांगे.

मग मागच्या गल्लीतल्या ठेकेदाराचे घर फुटले. माणसे लग्नाला गेली होती. चोरांनी तिजोरी फोडण्याच्या भानगडीत न पडता ती उचलूनच नेली, आणि आत ठेकेदाराची रायफल होती. कर्नल गर्दीत घुसून बघून आला. भिंतीला बोल्टची चार भोके आणि खाली सिमेंटचा भुगा, एवढेच शिल्लक होते. त्याची स्वतःची बंदूक पत्र्याच्या कपाटात, साड्यांच्या मागे उभी होती आणि किल्ली सापडली नाही की बायको ते कपाट केसांतल्या पिनेने उघडत असे.

तेव्हापासून घरात लपंडाव सुरू झाला. नळी एकीकडे, लाकडी दस्ता दुसरीकडे, काडतुसे तिसरीकडे. एक तुकडा चोराला मिळालाच तर त्याने तो चाटत बसावे, असा हिशेब. पण कर्नलला कुठल्याच जागेचा भरवसा वाटेना, म्हणून तो रोज जागा बदलू लागला आणि एकदा दस्ता कुठे ठेवला तेच विसरला. घर उलथेपालथे केल्यावर संध्याकाळी तो टेबलफॅनच्या रिकाम्या खोक्यात सापडला. त्या दिवशी दोघेही जेवले नाहीत.

ठेकेदाराच्या चोरीच्या तपासात परवानेवाल्यांची विचारपूस करत जमादार त्याच्याकडे आला. पाणी प्यायला, इकडेतिकडे बघितले आणि हसला.

"घर शोधायला त्रास नाही झाला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, बंदूकवाले कुठे राहतात. त्याने घर सांगितलं. रविवारी कितीला बाहेर काढता तेही सांगितलं, आणि कपाट कुठल्या खोलीत आहे तेसुद्धा."

"त्याला काय ठाऊक?"

"खिडकीतून दिसतं म्हणाला." जमादाराने ग्लास खाली ठेवला. "बँकेत ठीक होतं हो. तिथे ती भीती घालायला होती. घरात ती चोरीचा माल आहे. मी चोर असतो तर सोनं नंतर, आधी तीच उचलली असती. आणि चोरीची बंदूक पुढे कुठे जाऊन वाजेल, कोणावर वाजेल, काही सांगता येत नाही."

जमादार गेला, पण कर्नलची झोप घेऊन गेला. आपण इतके रविवार साऱ्या गावाला आमंत्रण देत बसलो होतो, हे त्याला पचेना. आणि आपल्या हातून कधी न वाजलेली बंदूक कोणाच्या तरी हातात, कोणाच्या तरी छातीवर वाजेल, हा विचार तर त्याला घास गिळू देईना.

त्याने तिजोरी आणली. बसवायला आलेल्या वेल्डरने दर्शनी भिंतीवर बोटाने टकटक केली आणि मान हलवली. म्हणाला, काका, ही भिंत अर्ध्या विटेची आहे, इथे लावलीत तर चोर भिंतीसकट नेतील. मग आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, लाकडी कपाटाच्या पोटात ती बसवली. दोन बोल्ट खांबात, दोन जमिनीत. पहार घालायलाही फट राहू दिली नाही. काडतुसांची कुलपाची पेटी वेगळ्या खोलीत. तिजोरी आणताना वर घोंगडे पांघरले होते आणि बायकोने शेजारणीला सांगितले की कपडे धुण्याचे यंत्र आहे. बिचारीला त्यानंतर रोज थापा माराव्या लागल्या, कारण शेजारीण रोज विचारी की कपडे कसे निघतात.

आता तरी जिवाला स्वस्थता मिळावी की नाही? पण नाही. वेल्डरला जागा ठाऊक झाली होती. किल्ली कुठे ठेवावी हा नवाच घोर लागला. ती त्याने गळ्यात अडकवली, तर आंघोळीला काढावी लागे. संध्याकाळचे फिरणे सुटले. भाजीला गेला तर अर्ध्या वाटेतून परत येई आणि कपाट उघडून तिजोरीला हात लावून बघे.

अशात लेकीचा, चिमीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राही. पोटातली गाठ काढायची ठरली होती, गाठ कसली ते काढल्यावरच कळणार होते. जावई होता सोबत, पण ती म्हणाली, आई, तुम्ही दोघं या. बाबांना सांग, मला भीती वाटते.

बायकोने दोघांचे कपडे काढले. कर्नलने आपले परत कपाटात ठेवले. घर कोण बघणार, म्हणाला. घरात कोणी नाही हे कळायला गल्लीला कितीसा वेळ लागतो.

बायको बॅगेच्या कडेला बसली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे कर्नलला जास्त भीती वाटली.

"चिमीच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला तुम्ही नव्हता. तिच्या लग्नात पाहुणे जेवून गेले, तसे तुम्हीही जेवून ड्यूटीवर गेलात. मी कधी चकार शब्द काढला नाही, नोकरी होती. आता कसली नोकरी आहे? कोण देतं पगार? पोरगी भीती वाटते म्हणतेय, आणि तुम्ही कपाटाची राखण करणार."

कर्नलने तिला एकटीला बसमध्ये बसवून दिले. खिडकीतून तिने हात हलवला नाही.

घरी येऊन त्याने कडी लावली, फोनचा आवाज बंद करून तो फळीवर ठेवला, कारण घंटी वाजली तर बारीकसारीक खुडबुड ऐकू येणार नाही. मग काठी घेऊन आतल्या खोलीत बसला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार वाजले. तो उठला नाही. परत वाजले. आत कोणी आहे का बघतायत, असे वाटून तो चवड्यांवर चालत दाराशी आला आणि काठी उगारून श्वास रोखून उभा राहिला.

"काका," दारापलीकडून शेजारीण म्हणत होती, "काकूंचा माझ्या फोनवर फोन आलाय. सकाळपासून तुम्ही उचलत नाही म्हणून रडतायत. ऑपरेशन उद्या सकाळीच घेतलंय. चिमी सारखं विचारतेय, बाबा निघाले का."

कर्नलने हातातल्या काठीकडे बघितले. या बाईच्या डोक्यात ती घालायला तो उभा होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की दार उघडल्यावर त्याला तिच्याकडे बघवेना.

तासाभरात तो गावातल्या परवान्याच्या बंदुकांच्या दुकानात होता. सुटी केलेली बंदूक पिशवीत, काडतुसे वेगळ्या डब्यात. गावाला जाताना तिथे बंदूक जमा करता येते, हे त्याला नोकरीपासून ठाऊक होते. पण अनोळखी माणसाच्या हवाली करायची, हे मन कधी घेत नव्हते. दुकानदाराने परवाना तपासला आणि किती दिवसांसाठी, असे विचारले. आठ दिवस म्हणायला कर्नलने तोंड उघडले आणि भलतेच बोलून बसला.

"परत नकोय. गिऱ्हाईक बघा."

दुकानदाराने नळीतून उजेडाकडे बघितले. फार जपलीत, म्हणाला. त्याने ती जोडून जाळीआड इतर बंदुकांच्या रांगेत उभी केली. सह्या करून कर्नलने वळून बघितले, तर आपली कोणती ते लांबून ओळखू येईना. तो बसस्टँडवर आला आणि मिळाली ती बस धरली.

सकाळी तो दवाखान्यात पोहोचला तेव्हा लेकीला स्ट्रेचरवर घेतले होते. हिरव्या टोपीत ती लहान दिसत होती. त्याला बघून तिने मान वर केली.

"बाबा, घरी कोण आहे?"

"कोणी नाही," कर्नल म्हणाला. "कुलूप लावून आलोय."

तिने त्याचे बोट धरले, ते दारापर्यंत सोडले नाही. दार लागल्यावर तो बाकावर बायकोशेजारी बसला. जावई औषधे आणायला खाली गेला होता.

"जमा केलीत?" बायकोने विचारले.

"कायमची."

तिने पदराने नाक पुसले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "फडक्यात नीट गुंडाळून दिलीत ना?"

कर्नलने मान डोलावली. बायकोने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि ते स्वतःच धरून त्याच्या तोंडाशी नेले.