आईचा जिना

हृदयविकाराच्या झटक्यातून आई वाचली आणि लेकीने तिला घरात पाण्याचा पेलाही उचलू देणं बंद केलं. वडील अशाच झटक्यानंतर वर्षभरात गेले होते. त्यांनाही सगळ्यांनी फुलासारखं जपलं होतं. जपता जपता ते खुर्चीतच संपले. हे लेकीला कळत होतं, पण वळत नव्हतं.

आई पडदे शिवायची. शिलाईची खोली दुसऱ्या मजल्यावर.

"मशीन खाली आणून घेते," लेक म्हणाली.

"आण की. मलाही गुंडाळून कोपऱ्यात ठेव," आई म्हणाली, आणि हॉस्पिटलातल्या व्यायामवर्गाला जाऊ लागली.

लेक सोबत असायचीच. व्यायाम घेणाऱ्या बाईंची पाठ वळली, की ती हळूच बटण दाबून आईच्या पायाखालच्या सरकत्या पट्ट्याचा वेग उतरवायची. एके दिवशी बाईंनी तिचं मनगटच धरलं.

"तरीच म्हटलं, मावशींची गाडी पुढे का सरकत नाही!"

"दम लागतो हो तिला."

"लागू दे थोडा. हृदयाला पळवणाऱ्या नसा वेगळ्या, आवरणाऱ्या वेगळ्या. झटक्यानंतर आवरणाऱ्या ढिल्या पडतात, पळवणाऱ्या मोकाट सुटतात. आतून बारीक दाहही धुमसत असतो. रोज बेताने चाललं, की लगाम पुन्हा हाती येतो, दाहही उतरायला लागतो. गोळ्या हव्यातच, पण नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. तुम्ही मात्र लगामच कापायला बसलात!"

आई चालता चालताच म्हणाली, "तुझ्या बाबांना मीच बसवून ठेवलं होतं. तू तेच माझं करू नकोस."

लेकीने पुन्हा बटणाला हात लावला नाही.

काही आठवड्यांनी बाईंनी जिन्याची परवानगी दिली.

"तू खालीच थांब," आई म्हणाली आणि चढू लागली. पहिला मजला झाला. वळणावर ती कठडा धरून थांबली. लेकीचा पाय पायरीवर पडलाच.

"आई?"

"काय आई आई! श्वास घेतेय. दुकान बंद नाही झालं अजून."

लेकीने पाय खाली घेतला. वर कुलूप उघडलं, खिडक्या खडखडल्या, आणि मग हाक आली, "अगं, केवढी ही धूळ! झाडू कुठंय?"

लेक झाडू घेऊन धावली, आणि पहिल्याच पायरीपाशी थबकली.

"खाली आहे," ती ओरडली. "जरा टेक, मग ये आणि घेऊन जा."