वॉटर्लूपर्यंत बसायचं नाही

माझ्या मुलीला, बेव्हर्लीला, अटी घालायची लहानपणापासून हौस. बाहुल्यांनासुद्धा घालायची. जेवला नाहीत तर फिरायला नेणार नाही, असं त्यांना बोट दाखवून सांगायची. आता ती पंचावन्न वर्षांची झाली, बाहुल्या गेल्या, मी उरले.

"अट अशी," माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच कपात साखर ढवळत ती म्हणाली. "लंडनला किंग्ज क्रॉसवर उतरलीस की वॉटर्लूला बंदराच्या गाडीत चढेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालायचं. टॅक्सी नाही. ट्यूबमध्ये, त्या भुयारी गाडीत, जागा मिळाली तर बस, तिथे सगळेच बसतात. पण वाटेत कुठे दम लागून टेकलीस, तर तिथूनच परत घरी, हॅलिफॅक्सला. मग जहाज गेलं उडत."

"जहाज उडत नाही गं."

"आई, मी चेष्टा करत नाहीये. जहाजात लांबच लांब बोळ असतात म्हणे. तिथे काय टॅक्सी बोलावणारेस?"

ती खरंच चेष्टा करत नव्हती. मार्चमध्ये मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना पडले होते. शेजारीण कुत्र्याला घेऊन बाहेर येईपर्यंत ओल्या फरशीवर तशीच आडवी. माझं हाड एकही मोडलं नाही, पण बेव्हचा धीर पार खचला. तेव्हापासून रोज सकाळी फोन, रोज संध्याकाळी फोन, आणि मधेच कधीतरी "सहज केला" म्हणून फोन.

नॉर्वेच्या जहाजाचं तिकीट मी त्या पडण्याच्या आधीच काढलं होतं. एकटीचं. माझ्या नवऱ्याला, डेरेकला, पाण्याची धास्ती. व्हिटबीला एकदा बोटीत बसवला, तर बंदराच्या तोंडाशी जाईपर्यंत हिरवा पडला. तो होता तोवर आम्ही समुद्र काठावरून, बाकावर बसून, चिप्स खात पाहिला. आता तो नाही. मी एकोणऐंशीची आहे. यंदा नाही गेले तर पुढे कधी जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मुलीशी भांडून चढले असते, तर आठवडाभर ते डोंगर आणि ते पाणी सोडून तिचाच विचार करत बसले असते. म्हणून मी अट मान्य केली.

उभं राहण्याचं मला काय कौतुक! टॉफीच्या कारखान्यात मी तीस वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहिले. एखादी बाई टेकलेली दिसली की मुकादमीण तिचं नाव घेऊन ओरडायची, सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. फक्त आता माझा उजवा गुडघा थोडं चाललं की कुरकुर करायला लागतो, आणि आणखी थोडं चाललं की बंदच पडतो. हे मी बेव्हला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत होते. तेही खोटंच.

हॅलिफॅक्सहून निघालेली गाडी किंग्ज क्रॉसला वेळेवर लागली. मला जहाजापर्यंत पोचवायला आलेल्या बेव्हने बॅगेकडे हात केला.

"दे इकडे."

"माझी बॅग मी ओढीन."

चाकांच्या बॅगेचं एक बरं असतं. ती काठीच असते, फक्त कोणाला कळत नाही. माझ्या बॅगेला जहाजाची पट्टी मी घरीच लावून आणली होती, खोलीच्या नंबरासकट, आणि ती सुटू नये म्हणून वरून चिकटपट्टीचे चार वेढे मारले होते.

ट्यूबकडे जाणारी ती भुयारं माणसांसाठी बांधली की उंदरांसाठी, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. संपतच नाहीत. एका वळणावर गुडघ्याने पहिली कुरकुर केली. तेवढ्यात नशिबाने एक अकॉर्डियनवाला दिसला. मी थांबले.

"काय झालं?" बेव्ह लगेच.

"काय व्हायचंय? गाणं ऐकतेय. माणूस एवढा जीव तोडून वाजवतोय."

माणूस काही जीव तोडून वाजवत नव्हता, भात्याबरोबर तोही पेंगत होता. पण मी त्याचं गाणं संपेपर्यंत उभी राहिले, मान डोलावली, आणि पेटीत एक नाणं टाकलं. तोवर गुडघा शांत झाला. पुढे मला एका नाटकाची जाहिरात फार आवडली. त्यापुढे ट्यूबच्या नकाशात मला अचानक रस निर्माण झाला.

"आई, ही पिकॅडिली लाईन. तू चाळीस वेळा बघितलीयेस."

"रंग बदललाय वाटतं."

"रंग तोच आहे," बेव्ह म्हणाली, पण घाई केली नाही. उलट स्वतःही नकाशासमोर उभी राहून तो नीट वाचायला लागली. मला वाटलं, बरी गंडवली हिला.

गाडी गच्च नव्हती, पण जागा सगळ्या भरलेल्या. मी दांडा धरला. समोर नाकात रिंग घातलेली, हातभर गोंदवलेली एक मुलगी बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ताडकन उठली.

"आजी, बसा ना तुम्ही."

आता ट्यूबमध्ये बसायची मला परवानगी होती. पण ही जागा मिळालेली नव्हती, ही मला दिलेली होती. आणि का दिली होती? मी थकलेली दिसते म्हणून! तेही बेव्हच्या डोळ्यांदेखत. मुकादमिणीने नाव घेतल्यासारखं मला वाटलं.

"नको गं, मी ठीक आहे."

"अहो, बसा की."

"ठीक आहे म्हटलं ना. तूच बस."

आता ती तरी कशी बसणार? एकदा म्हातारीला देऊ केलेल्या जागेवर परत बसायचं म्हणजे शोभा. ती बेव्हकडे वळली. बेव्ह म्हणाली, "छे छे, मी ठीक आहे." शेजारी उभ्या असलेल्या टायवाल्या साहेबांकडे सगळ्यांनी पाहिलं, तर ते एकदम छताकडे बघायला लागले. अशी ती सीट डब्याच्या मधोमध रिकामी राहिली आणि आम्ही पाचसहा जण तिच्याभोवती दांडे धरून लोंबकळत राहिलो. रसेल स्क्वेअर गेलं. होबर्न गेलं. माझा गुडघा त्या सीटकडे बघून बोंब मारत होता. कॉव्हेंट गार्डनला आईस्क्रीम खात एक परदेशी पाहुणा चढला आणि काहीएक न विचारता तिच्यावर धपकन बसला. अख्ख्या डब्याने श्वास सोडला.

लेस्टर स्क्वेअरला गाडी बदलायची होती. तिथे जिना. मी बॅग उचलायला वाकणार, तोच मागून एक तगडा गडी आला, "मी घेतो," म्हणाला, बॅग उचलून वर नेऊन ठेवली आणि आभार मानायच्या आत गर्दीत दिसेनासाही झाला. लोक म्हणतात लंडनमध्ये माणुसकी नाही. असते, नको तेव्हा असते. माझी काठी जिन्याच्या वर आणि मी खाली.

कठडा धरून चढले. अर्ध्यावर गुडघा बंद पडला. म्हणजे अगदी बंद. मी भिंतीला खांदा टेकवला आणि मनात म्हटलं, नोरीन, संपलं. आता ही वळून बघणार, आणि तुझा नॉर्वे हॅलिफॅक्सला परत.

"थांब गं आई एक मिनिट," माझ्या दोन पायऱ्या पुढून बेव्ह म्हणाली. "माझ्या बुटाची नाडी सुटलीये."

ती तिथेच, जिन्यावर, माझ्याकडे पाठ करून वाकली. माणसं तिला वळसा घालून, चरफडत जात होती. "ओ बाई, रस्ता सोडा!" कोणीतरी ओरडलं. ती हलली नाही. सावकाश, निगुतीने नाडी बांधत राहिली. मी डोळे मिटून श्वास घेतला, पाय दोनदा झटकला, डेरेकची शपथ घातली गुडघ्याला. चालू झाला.

"झाली का बांधून?" मी वर पोचल्यावर जरा फणकाऱ्यानेच विचारलं. "अशी वाटेत बसतात का? लोक पडतील."

"झाली झाली."

वॉटर्लूला सरकत्या जिन्यावरून वर आल्यावर तिची नाडी पुन्हा सुटली. मी तिला म्हटलंही, बेव्ह, तुला लहानपणी गाठ मारायला नीट शिकवलं होतं मी.

मोठ्या घड्याळाखाली माझ्यासारख्याच पट्ट्या लावलेल्या बॅगा घेऊन बरीच मंडळी उभी होती. पट्टी बघितली की एकमेकांना मान डोलवायची, तशी मीही डोलवली. मग साउथॅम्प्टनची गाडी लागली, मी चढले, खिडकीशी बसले आणि टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"काय?" मी म्हटलं.

"काय काय?"

"आले की नाही?"

"आलीस बाई. जिंकलीस." बेव्ह हसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. फ्लास्कमधला चहा मी तिला ओतून दिला, अंड्याची सँडविचेस काढली, पण तिने अर्धंच खाल्लं आणि गाडीने शहर सोडायच्या आत खिडकीला डोकं लावून झोपली.

झोपेत तिच्या पायातला एक बूट निसटून माझ्या पायांशी आला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात नको म्हणून मी तो उचलला. मऊ, निळा बूट. नुसता पाय सरकवायचा. त्याला नाडीच नव्हती.

मी दुसऱ्या पायाकडे पाहिलं. त्यालाही नव्हती.

तो बूट मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. मला राग आला आधी. मग लाज वाटली. मग रडू आलं, आणि ते मी नाक शिंकरण्याच्या नावाखाली उरकून घेतलं. हिला सगळं माहीत होतं. अकॉर्डियनवाल्यापासून माहीत असणार. परत फिरायचं कारण हिच्या हातात आयतं आलं होतं, आणि ही लंडनच्या शिव्या खात जिन्यावर वाकून, नसलेली नाडी बांधत बसली होती. मला जाता यावं म्हणून. बूट मी हळूच तिच्या पायाशी ठेवला.

साउथॅम्प्टनला स्टेशनपासून बंदरापर्यंत टॅक्सी केली. अट संपली होती. बंदरावर हमालांनी बॅग घेतली, काठी गेली. आत लांबलचक दालन, आणि त्याच्या पलीकडे उतारावरून वर वर जाणारी वाट. गणवेशातली एक बाई हसत पुढे आली.

"व्हीलचेअर देऊ का? इथून जहाजापर्यंत बरंच चालायचंय."

मी तोंड उघडायच्या आत बेव्ह पुढे झाली. "नको," ती म्हणाली, आणि काय ताठ मानेने म्हणाली! "माझी आई अख्खं लंडन चालत आलीये."

मी तिच्याकडे पाहिलं. आज ही एकटीच परत जाणार. त्याच जिन्यांवरून. आणि रोज रात्री अंथरुणात डोळे उघडे ठेवून त्या लांबच लांब बोळांत मला पडताना बघणार. मी चालू शकते का, ही तिची भीतीच नव्हती. मी पडले तरी कोणाला हाक मारणार नाही, ही होती. मार्चमध्ये त्या फरशीवर मी एकदाही हाक मारली नव्हती. शेजारच्यांना कशाला त्रास, म्हणून.

"द्या," मी म्हटलं. "आणा ती खुर्ची."

"आई?"

बाईने खुर्ची आणली. मी बसले. इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

"आई, बसलीस तू!"

"मग? अट वॉटर्लूपर्यंतच होती."

तिला जवळ ओढून मी तिच्या कानात म्हटलं, "जहाजावर रोज मागणार आहे खुर्ची. झोप तू. आणि पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर नाडीचे बूट घालून ये."

तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. हसत होती की रडत होती, तिचं तिला माहीत. मग ती बाई म्हणाली, "निघू या?" आणि मला ढकलत घेऊन गेली. बेव्हला त्या दारापुढे सोडत नव्हते.

संध्याकाळी जहाज हललं तेव्हा मी वरच्या डेकवर कठड्याशी होते. बंदराला लागून एक बाग आहे, तिथे निरोप द्यायला माणसं जमली होती. बेव्हचा पिवळा रेनकोट मला लगेच दिसला. दोन्ही हात हलवत होती. तिची परतीची दुपारची गाडी कधीच गेली असणार. म्हणजे इतका वेळ ही तिथे ताटकळत होती, आणि तिच्या मागे एक अख्खं बाकडं रिकामं.

मी फोन लावला.

"बेव्ह, मागे बाकडं आहे. बस."

"मी ठीक आहे गं."

"बस म्हणते ना. पाय दुखत असतील. मी बघतेय इथून."

पिवळा ठिपका थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग मागे सरकला, आणि बसला.