कोपऱ्यातला तुकडा

काच ट्रेमध्ये ठेवता ठेवता प्रयोगशाळेतल्या मावशीनं ती परत उचलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. रिपोर्ट लिहून झाला होता. तिला फक्त काच कपाटात लावायची होती. पण कोपरा पाहिल्याशिवाय काच लावायची नाही, हा तिचा एकतीस वर्षांचा नेम होता, आणि त्यावरून सगळी प्रयोगशाळा तिची थट्टा करायची.

काचेवर लिफ्टवाल्याच्या गाठीचा तुकडा होता. याच इस्पितळात माणसांना वरखाली नेण्यात त्याचा जन्म गेला, आणि आता त्याचा लसिकाग्रंथींचा कॅन्सर दोनदा औषधांनी दबून पुन्हा उसळला होता. एकच उपाय उरला होता. त्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, बाहेर शिकवून तयार करायच्या आणि परत अंगात सोडायच्या. मात्र या पेशींना गाठीवरची एकच खूण ओळखता येते. ती असेल तर त्या तुटून पडतात. नसेल तर सगळी शिकवणी पाण्यात. रंगवलेल्या काचेवर ही खूण तपकिरी उमटते. इथे तपकिरी ठिपकासुद्धा नव्हता. तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टात तसंच लिहिलं होतं. दुपारच्या बैठकीत तो कागद पोचला की लिफ्टवाल्याचं नाव यादीतून जाणार होतं.

मावशीनं कोपरा गाठला. रोग्याच्या तुकड्याशेजारी तिथे निरोगी टॉन्सिलचा एक तुकडा बसवलेला असतो. टॉन्सिलमध्ये ती खूण असतेच, म्हणून तो तपकिरी व्हायलाच हवा.

तोही कोरा होता.

आधी तिला आनंद झाला, मग लाज वाटली. खूण नव्हती असं नाही, रंगच चढला नव्हता. चढणार कसा? रंगवण्याआधी काचा कुकरमध्ये वीस मिनिटं उकळाव्या लागतात. काल लिफ्टवाल्या भाऊंचा रिपोर्ट लवकर जाऊ दे म्हणून तिनं बाराव्या मिनिटालाच कुकर उतरवला होता. अति घाई संकटात नेई, हे ती नवशिक्यांना रोज ऐकवायची.

ती काच घेऊन थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेली.

“मॅडम, ही काच खरं सांगत नाहीये. चूक माझी आहे.”

डॉक्टरीणबाईंनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

“कोपरा मीही पाहिला नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “बैठकीला चार तास आहेत. होईल?”

“वीसची वीस मिनिटं उकळूनही होईल.”

या वेळी मावशी घड्याळासमोरून हलली नाही. आलेला चहा तसाच गार झाला. बैठकीला दहा मिनिटं उरली असताना दोघींनी आळीपाळीनं पाहिलं. कोपरा चहाच्या रंगाचा झाला होता, आणि शेजारी गाठीतल्या पेशी न् पेशीला तपकिरी कड होती. डॉक्टरीणबाईंनी जुना रिपोर्ट रद्द केला, नव्यावर सही केली आणि लिफ्टची वाट न पाहता त्या जिन्यानं धावत सुटल्या.

गाठ मोठी होती आणि झपाट्यानं वाढत होती. एवढ्या गाठीपुढे शिकवलेल्या पेशीसुद्धा दमतात, म्हणून आधी किरणं देऊन तिला लहान केलं आणि मग पेशी सोडल्या. आठवडाभर ताप उतरेना. भ्रमात लिफ्टवाला बायकोलाच ‘कितवा मजला?’ विचारू लागला. तोही आठवडा गेला. तीन महिन्यांनी काढलेल्या फोटोत गाठीचा मागमूस नव्हता. मावशी सगळ्यांदेखत रडली आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं, तर स्टुलावर तोच बसलेला.

“चौथा,” तिनं सांगायच्या आधीच तो म्हणाला. दार मिटलं. “डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मला कोपऱ्यातल्या तुकड्यानं तारलं. कुणाचा हो तो?”

टॉन्सिल तिच्याकडे पुष्कळ होते. त्याच्या काचेसाठी मात्र तिनं नऊ वर्षं जपून ठेवलेला काढला होता.

“माझ्या लेकीचा. ऑपरेशनच्या दिवशी रडून रडून आकांत केला होता तिनं. तुम्ही तिला याच स्टुलावर उभी केलीत आणि सगळी बटणं दाबू दिलीत. हसत आत गेली.”

चौथा मजला आला, दार उघडलं, मिटलं. मावशी उतरली नाही.

मग त्यानं बोट उचललं आणि खालपासून वरपर्यंत एकेक करत सगळी बटणं दाबली.