गुडघ्याखालची उशी

चामटोलीच्या बनूबाईचा संतोष अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होता. एका दुपारी उकळत्या पाण्याची नळी सुटली आणि त्याच्या उजव्या पायाची मागची बाजू मांडीपासून पोटरीपर्यंत भाजून निघाली. बनूबाई उल्हासनगरच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा तो शुद्धीवर होता आणि फार दुखत नाही म्हणत होता. तिच्या जिवात जीव आला. पण डॉक्टरीणबाईंनी सुनेला, तेजलला, समजावलं की दुखणं कळतं ते कातडीच्या आतल्या थराला, आणि तो थरच जळालाय. एवढी खोल जखम आपली आपण भरत नाही. दुसरीकडची कातडी काढून तिथे लावावी लागेल.

बनूबाई पुढे झाली. "माझी घ्या. म्हातारीला काय करायचीय कातडी?"

"मावशी, तुमची लागणार नाही. थोडे दिवस राहील, मग त्याचं अंग ती परकी समजून टाकून देईल."

"परकी? मी जन्म दिलाय त्याला."

शेवटी संतोषच्याच डाव्या मांडीची पातळ साल काढून उजव्या पायावर बसवली. आता लावलेल्या जागेपेक्षा काढलेली जागाच जास्त ठणकायची. तो कण्हायचा आणि बनूबाई बाहेर बाकड्यावर पदर तोंडात धरून बसायची. लेकाच्या अंगाला आपण परके, हा शब्द तिच्या मनातून जात नव्हता.

घरी आणल्यावर तिने त्याची सगळी उठबस अंगावर घेतली. पाय वाकवून ठेवला की त्याला बरं वाटायचं, म्हणून तिने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. तेजल एकदा म्हणाली, पाय सरळ ठेवायला सांगितलंय. बनूबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पाय सरळ करायला लावला, तर तो होईना. उशीचं कळल्यावर त्या रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. जखम भरते ती आतून आवळत, आक्रसत भरते. वाकलेल्या पायावर भरली, तर पाय वाकडाच राहील. रोज ताणायचा, कितीही ओरडला तरी.

घरी येताच बनूबाईनं उशी काढून माळ्यावर टाकली. तेजल टाच धरायची आणि बनूबाई गुडघा हळूहळू खाली दाबायची. संतोष घामाघूम व्हायचा. एकदा तो तिच्यावर खेकसला, "आये, तुला माझी दया नाय?"

"हाय," ती म्हणाली आणि हात काढला नाही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पावसाळा सरेपर्यंत पाय जवळजवळ सरळ झाला. चालताना तो जरा लंगडतो, पण कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून काम करता येतं. लावलेली कातडी जाळीदार दिसते. तिच्यावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही, ती सुकते आणि खाजते. म्हणून कामावर निघण्याआधी तो ओटीवर पालथा पडतो आणि बनूबाई तिथे खोबरेल चोळते. हात फिरलेला त्याला अजून नीट कळत नाही. "लावलंस का?" तो विचारतो. "लावतेय," ती म्हणते.